खोकल्याचे उसने बळ

पाचगणीला आरोग्याचे ठिकाण म्हणून जी ओळख मिळाली, तिच्यात खोकल्याचा वाटा मोठा आहे. क्षयरोगावर खात्रीचे औषध नव्हते त्या काळात डोंगरावरची थंड, स्वच्छ हवा हाच उपचार मानला जाई. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये येथे ‘बेल एअर’ हे क्षयरोग्यांसाठीचे आरोग्यधाम सुरू केले, ते याच विश्वासावर. माझ्या दवाखान्यात येणारी ऐंशीच्या घरातील मंडळी अजूनही सांगतात की, रस्त्यात कोणी खोकू लागले की आई पदराने आमचे तोंड झाकायची. खोकला म्हणजे संकट, ही भावना या गावाच्या मनात खोल रुजलेली आहे. अशा गावात इतकी वर्षे वैद्यकीय व्यवसाय केल्यावर एके दिवशी खोकल्याची बाजू घेऊन लेख लिहावा लागेल, असे मला कधी वाटले नव्हते.

लिहिण्याचे निमित्त आहेत एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी. दोघांच्या अनुमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवत. त्यांचा आवाज दोन वर्गखोल्या ओलांडून पलीकडे ऐकू जाई, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. दोन वर्षांपूर्वी चालताना त्यांच्या उजव्या पायातील चप्पल निसटू लागली. मग सदऱ्याची बटणे लावता येईनात. पुण्याच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी निदान केले: मोटार न्यूरॉन डिसीज. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी एकेक करून निकामी होत जाणारा हा आजार. बुद्धी बहुधा शाबूत राहते, स्पर्श कळतो, दिसते, ऐकू येते. शरीर मात्र ऐकेनासे होते.

गेल्या वर्षी वैशाखात काकी एकट्याच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, ह्यांना खोकला नाहीये, पण छातीत सारखी घरघर असते. जेवताना ठसका लागतो आणि नुसते डोळे मोठे करून बघत राहतात. खोकायला गेले की आवाजच फुटत नाही. उसासा टाकल्यासारखं होतं, बस.”

एवढ्या नेमक्या शब्दांत दुबळ्या खोकल्याचे वर्णन मी पाठ्यपुस्तकातही वाचलेले नाही.

आपण सहज खोकतो म्हणून त्यामागचे श्रम आपल्याला जाणवत नाहीत. खोकताना प्रथम खोल श्वास घ्यावा लागतो. सुदृढ प्रौढ माणूस या वेळी सुमारे दोन लिटर हवा आत ओढतो. त्यासाठी छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायू सशक्त लागतो. मग स्वरयंत्राचे दार घट्ट मिटते आणि पोटाचे व बरगड्यांमधले स्नायू आवळले जाऊन आत कोंडलेल्या हवेवर दाब येतो. हे सारे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात घडते. दार उघडताच हवा वेगाने बाहेर उसळते आणि श्वासनलिकेच्या भिंतीवरचा कफ आपल्याबरोबर ओढून आणते. मोटार न्यूरॉन डिसीजमध्ये या तिन्ही टप्प्यांचे स्नायू दुबळे होऊ शकतात. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीची मुले, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीची बाळे, मानेच्या मणक्याला इजा झालेली माणसे, मायस्थेनियाचे काही रुग्ण, बालपणी पोलिओ होऊन गेलेले आणि आता वयानुसार पुन्हा थकत चाललेले वृद्ध, या सर्वांची अडचण कमीअधिक फरकाने हीच असते. त्यांची फुफ्फुसे बहुधा निरोगी असतात. भाता हलवणारे हात थकलेले असतात.

खोकल्याचे बळ मोजता येते आणि त्याचे साधनही स्वस्त आहे. दम्याचे रुग्ण फुंकतात त्या प्लास्टिकच्या पीक फ्लो मीटरमध्ये फुंकण्याऐवजी जोराने खोकायचे. ओठ मिटत नसतील तर नळीच्या जागी मास्क लावायचा. निरोगी प्रौढाच्या खोकल्याचा वेग मिनिटाला ३६० लिटरच्या वर जातो. तो २७० च्या खाली असेल, तर एरवी बरे चालले तरी साध्या सर्दी-पडशात रुग्ण संकटात सापडू शकतो. १६० च्या खाली गेला की स्वतःच्या बळावर कफ बाहेर काढणे जवळजवळ अशक्य होते. गुरुजींचा आकडा १९० आला. आपल्या घरात असा रुग्ण असेल आणि ही मोजणी कधीच झाली नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तिच्याविषयी अवश्य विचारावे. मोठ्या रुग्णालयांतही ती कित्येकदा राहून जाते.

येथे मराठीतील एका शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण त्याने बरेच नुकसान केले आहे. इंग्रजीत ‘कफ’ म्हणजे खोकला. मराठीत कफ म्हणजे छातीत साठतो तो बेडका. त्यामुळे ‘कफ सिरप’ म्हणजे कफ बाहेर काढणारे औषध, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात त्यांतील अनेक औषधे खोकल्याची उबळ दाबणारी असतात. ज्याचा खोकला मुळातच दुबळा आहे, त्याला असे औषध देणे म्हणजे पाण्याचा एकच चालू नळ बंद करून घर धुवायला सांगण्यासारखे आहे.

हे मी अधिकाराने सांगते, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी ड्युशेनचा एक सोळा वर्षांचा मुलगा चाकाच्या खुर्चीतून माझ्याकडे आला होता. सर्दी, थोडा ताप आणि रात्रभर छळणारा क्षीण खोकला. आईची झोपमोड होत होती. मी प्रतिजैविक दिले आणि सोबत खोकला शमवणारे औषध लिहून दिले. पहिल्या रात्री तो शांत झोपला, म्हणून आईने फोन करून आभारही मानले. चौथ्या दिवशी त्याला न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात हलवावे लागले. मुलगा वाचला, पण गळ्याला छेद देऊन बसवलेली नळी घेऊन घरी आला. माझ्या औषधानेच हे घडले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. घडले नाही असेही म्हणता येत नाही. तेव्हापासून स्नायूंचा आजार असलेल्या कोणालाही मी खोकला दाबणारे औषध देत नाही आणि झोपेच्या गोळ्यांबाबतही फार सावध असते.

गुरुजींसाठी पुण्याच्या छातीविकारतज्ज्ञांनी रात्री लावायचे बायपॅप सुचवले आणि त्याबरोबर कफ असिस्ट नावाचे यंत्र. या यंत्राची मूळ कल्पना पोलिओच्या साथींच्या काळातली आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत श्वास दुबळा झालेल्या पोलिओरुग्णांसाठी ते प्रथम बनले. पुढे गळ्याला छेद देऊन नळी बसवणे आणि तिच्यातून कफ ओढणे ही पद्धत रूढ झाली आणि हे यंत्र मागे पडले. १९९३ मध्ये लोखंडी फुफ्फुसे बनवणाऱ्या इमर्सन यांच्या कंपनीने ते नव्या रूपात परत आणले. न्यू जर्सीचे डॉ. जॉन बाख यांनी गळ्याला छेद न देताही असे रुग्ण अनेक वर्षे जगू शकतात, हे सातत्याने मांडले.

यंत्राचे काम सांगायला सोपे आहे. नाकातोंडावर घट्ट बसणाऱ्या मास्कमधून ते दोन-तीन सेकंद दाबाने हवा आत भरते आणि मग क्षणार्धात दाब उलटा करून ती ओढून घेते. या अचानक उलटण्यामुळे खोकल्यासारखा वेगवान प्रवाह तयार होतो. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. सुरुवात बहुधा १५-२० पासून करतात आणि सवय होईल तसा तो वाढवत अनेक प्रौढांमध्ये ४० पर्यंत नेतात. मात्र मोटार न्यूरॉन डिसीजमध्ये घशाचे स्नायू दुबळे असतील, तर जादा दाबाने स्वरयंत्रच आत मिटते आणि घुसमट होते; तिथे दाब कमी आणि गती संथ ठेवावी लागते. म्हणून आकडे ठरवण्याचे काम तज्ज्ञांचे. ते घरी परस्पर बदलू नयेत. ज्यांच्या फुफ्फुसात हवेचे मोठे फुगे झालेले आहेत किंवा अलीकडे फुफ्फुस फुटून छातीत हवा साठली होती, त्यांना हे यंत्र लावत नाहीत. धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने फुफ्फुसे खराब झालेल्या वृद्धांनी ‘आम्हालाही कफ आहे’ म्हणून ते मागवू नये. त्यांचा आजार निराळा आहे.

पहिल्या दिवशी गुरुजी घाबरले. आत हवा शिरली की त्यांनी जीभ मागे घेतली आणि घसा आवळला. फिजिओथेरपिस्ट मुलीने दाब कमी केला, मास्क त्यांच्याच हातावर धरून हवेचा झोत जाणवू दिला आणि नुसती हवा भरण्याचा सराव करून घेतला. हे तीन दिवस चालले. घाई न केल्याचा फायदा असा की, चौथ्या दिवशी गुरुजींनीच डोळ्यांनी यंत्राकडे खूण केली.

आता काकींचा परिपाठ ठरलेला आहे. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री झोपण्याआधी. जेवणानंतर किमान दीड तास जाऊ देतात, नाहीतर अन्न वर येते. गुरुजींना उशांच्या आधाराने ताठ बसवतात. मास्क दोन्ही हातांनी असा दाबून धरतात की कडेने फुसफुस ऐकू येऊ नये. हवा निसटली तर सारे श्रम वाया जातात. मग मोठ्याने म्हणतात, “घ्या... आणि खोका!” असे चार-पाच श्वास झाले की मास्क काढून तोंडात आलेला कफ स्वच्छ कापडाने टिपतात किंवा सक्शनच्या नळीने ओढतात. अर्धा-एक मिनिट विसावा. पुन्हा चार-पाच श्वास. अशा चार-सहा फेऱ्या, किंवा छाती मोकळी वाटेपर्यंत. शेवट नेहमी हवा भरण्यावर करतात, म्हणजे फुफ्फुसे रिकामी आणि मिटलेली राहत नाहीत. सर्दीच्या दिवसांत हाच क्रम दर दोन-तीन तासांनी करावा लागतो, रात्रीसुद्धा. मास्क रोज साबणाच्या पाण्याने धुऊन सुकवायचा. आमच्याकडच्या पावसाळ्यात काहीच सुकत नाही, म्हणून काकींनी दोन मास्क ठेवले आहेत. फिल्टर वेळेवर बदलायचा, ओला झाल्यास लगेच. पहिले काही दिवस बरगड्या दुखतात, पोट थोडे फुगते. त्याची भीती नको. एकाएकी छातीत एका बाजूला कळ येऊन धाप वाढली किंवा कफातून बरेच रक्त आले, तर यंत्र थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

आषाढात घरातल्या नातवाला सर्दी झाली आणि दोन दिवसांत ती गुरुजींपर्यंत पोहोचली. ऑक्सिमीटरचा आकडा ९० वर आला. मुलाने करोनाच्या काळात घेतलेले ऑक्सिजनचे यंत्र माळ्यावरून काढून लावले. आकडा ९७ झाला आणि घर निश्चिंत झोपले. सकाळी गुरुजींचे डोके ठणकत होते, ते सारखे पेंगत होते. मी गेले, तेव्हा आकडा उत्तम आणि माणूस अर्धवट गुंगीत.

असे का होते, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावे. स्नायू दुबळे असलेल्या रुग्णाचा आकडा घसरतो, तो हवा पुरेशी आत-बाहेर होत नाही म्हणून, किंवा एखादी श्वासवाहिनी कफाने बुजली म्हणून. नुसता ऑक्सिजन दिल्याने आकडा सुधारतो, पण शरीरात साठणारा कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो, वाढतही जातो. सकाळची डोकेदुखी, पेंग आणि बडबड ही त्याची लक्षणे. अशा रुग्णाचा आकडा ९५ च्या खाली गेला की आधी खोकल्याला मदत करावी, बायपॅप लावावे, आणि तरीही तो वर आला नाही तर डॉक्टरांना बोलवावे. आम्ही सुमारे तेराशे मीटर उंचीवर राहतो, त्यामुळे निरोगी माणसाचाही आकडा एखाद-दुसऱ्या अंकाने कमी दिसू शकतो. म्हणून रुग्ण बरा असताना त्याचा नेहमीचा आकडा काय असतो, हे लिहून ठेवणे चांगले. मी ऑक्सिजन काढला, बायपॅप लावले आणि दर दोन तासांनी कफ असिस्ट करायला सांगून परतले. दुपारपर्यंत गुरुजी सावध झाले.

त्याच संध्याकाळी वीज गेली. झाड पडले होते आणि पाऊस थांबत नव्हता. मध्यरात्रीपर्यंत इन्व्हर्टर संपला. बायपॅप स्वतःच्या बॅटरीवर चालत होते, कफ असिस्ट बंद. एकच्या सुमारास काकींचा फोन आला: आकडा ८६, छातीत खूप आवाज. मी निघाले, पण धुके असे की गाडीच्या काचेपुढचे काही दिसेना. एरवी दहा मिनिटांचा रस्ता, त्याला पाऊण तास लागला.

मी पोहोचले, तेव्हा काकी जमिनीवर बसून घाम पुसत होत्या. त्यांनी अंबू बॅग वापरली होती. यंत्र मिळण्याआधी फिजिओथेरपिस्टने ती शिकवली होती आणि यंत्र आल्यावरही सराव सोडू नका, असे बजावले होते. मास्क लावून पिशवी दाबायची, गुरुजींनी हवा धरून ठेवायची, तिच्यावर दुसरा श्वास, मग तिसरा. छाती पुरती भरली की मुलाने दोन्ही तळवे बेंबीच्या वर ठेवून “खोका” म्हणताच आत आणि वरच्या दिशेने झटका द्यायचा. नवव्या की दहाव्या खेपेला चिंचोक्याएवढा घट्ट, पिवळट गोळा बाहेर आला. आकडा ९३. मला करण्यासारखे फक्त छाती तपासणे उरले होते. काकींनी विचारले, “चुकलं तर नाही ना काही?”

मला त्या वेळी कोपनहेगन आठवले. १९५२ च्या पोलिओच्या साथीत तिथे यंत्रे अपुरी पडली, तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सांगण्यावरून शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, दिवसरात्र हातांनी रबरी पिशवी दाबून रुग्णांना श्वास पुरवला. आपोआप फुगणारी अंबू बॅगही डेन्मार्कमध्येच, १९५६ मध्ये तयार झाली. तीच पिशवी पाचगणीच्या अंधारात काकींच्या हाती होती.

म्हणून ज्यांना यंत्र परवडत नाही, त्यांनी निराश होऊ नये. नवे कफ असिस्ट लाखांच्या घरात जाते. मोठ्या शहरांत ते भाड्याने मिळते, आणि गुरुजींचे भाडे त्यांचे माजी विद्यार्थी आपसांत वर्गणी काढून भरतात. पण अंबू बॅग आणि पोटाला आधार देऊन खोकणे यांना त्या तुलनेत काहीच खर्च नाही, आणि अनेक रुग्णांचे त्यावर दीर्घकाळ भागते. घशाचे स्नायू दुबळे असल्यास पिशवीला हवा परत येऊ न देणारी झडप जोडून घ्यावी लागते. पोटावरचा झटका मात्र शिकल्याशिवाय देऊ नये. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांत आणि पोटातील मुख्य रक्तवाहिनी फुगलेली असल्यास तो टाळावाच. शिकण्यासाठी मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून असलेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. ड्युशेन व स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीच्या मुलांसाठी मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे दुर्मीळ आजारांचे मान्यताप्राप्त केंद्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि दीर्घकालीन मज्जाविकार यांचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्र अवश्य काढावे.

श्रावणात गुरुजींनी एक प्रश्न विचारला. त्यांचे बोलणे आता काकींनाच समजते. त्यांनी तो मला सांगितला. स्टीफन हॉकिंग जानेवारी २००१ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते, त्याची बातमी गुरुजींनी तेव्हा वर्गात वाचून दाखवली होती. हॉकिंग यांना हाच आजार होता आणि १९८५ मधील न्यूमोनियानंतर त्यांच्या गळ्याला छेद द्यावा लागला. उरलासुरला आवाज तेव्हा गेला. “माझी ती वेळ आली, तर करणार का?” हा गुरुजींचा प्रश्न.

मी प्रामाणिक उत्तर दिले. कफ असिस्ट आजार थांबवत नाही. न्यूमोनिया दूर ठेवते, दिवस सुसह्य करते, आणि घसा फारच दुबळा झाला की त्याचाही उपयोग कमी होत जातो. तेव्हा गळ्याची नळी आणि कायमचे श्वसनयंत्र हा एक मार्ग असतो. तो घेणारी माणसे आहेत, पण त्यासाठी चोवीस तास घरात जागे, शिकलेले माणूस लागते. तो नाकारून, घुसमट होऊ नये एवढी औषधे घेऊन घरीच राहणे हा दुसरा मार्ग. दोन्हींपैकी कोणताही चुकीचा नाही. चूक होते ती न बोलल्यामुळे, कारण मग निर्णय रात्री दोन वाजता, रुग्णवाहिकेत, अनोळखी माणसे घेतात.

गुरुजींनी नळी नको म्हटले. मुलाला ते मान्य नव्हते. तो अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिला. काकी काही बोलल्या नाहीत. नंतरच्या आठवड्यात गुरुजींनी दोन साक्षीदारांसमोर उपचारांविषयीचे इच्छापत्र केले, नोटरीची सही झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असा अधिकार मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली आहे. हे पत्र मन बदलल्यास बदलता येते, असे मी मुलालाही सांगितले.

सध्या गुरुजींच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर आजाराचे नाव, यंत्राचे आकडे, बरे असतानाचा ऑक्सिजनचा आकडा, पुण्याच्या डॉक्टरांचा आणि माझा फोन नंबर आहे. इच्छापत्राची प्रत कोणत्या कप्प्यात आहे, तेही लिहिले आहे. अक्षर नातवाचे, मजकूर काकींचा. सर्वांत खाली, लाल शाईने, गुरुजींनी सांगून घालून घेतलेली ओळ आहे: ‘खोकला थांबवणारे औषध देऊ नये.’